घरची गाडी बदलताना भरवसा कसा तपासायचा: पुण्यातल्या एका कुटुंबाचा सविस्तर अनुभव

आमच्या सासऱ्यांचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असतं, पहाटे सहाची वेळ. धायरीहून सव्वापाचला निघावं लागतं. गेल्या जानेवारीत अशाच एका गुरुवारी वडगाव पुलाजवळ डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा लागला, गाडीने एक जोरदार झटका खाल्ला आणि ती तिसऱ्या गिअरमध्ये अडकून पडली. थोडं पुढे जाऊन तो गिअरही गेला आणि गाडी बंद पडली. मागच्या सीटवर बाबा शाल गुंडाळून बसलेले, आणि मी रस्त्यावर उभी राहून रिक्षाला हात करतेय. बाबांना रिक्षाने पोचवलं, गाडी टोचन लावून वर्कशॉपला गेली. तिथे पार्ट यायलाच नऊ दिवस लागतील असं कळलं, आणि खर्चाचा आकडा एक लाख अठरा हजार.

त्या सकाळनंतर आमच्या घरात ‘कुठली गाडी घ्यायची’ हा प्रश्न मागे पडला. ‘ती ऐन वेळी दगा देणार नाही हे कसं ओळखायचं’ हा पुढे आला. चार महिने मी त्याच मागे होते. शोरूम झाले, वापरलेल्या गाड्या पाहिल्या, मिस्त्रींना बोलतं केलं, कॅबवाल्यांना थांबवून विचारलं. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा आजारपण आहे, त्यांच्यासाठी गाडी बंद पडण्याचा अर्थच वेगळा असतो. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे क्रमाने लिहिते आहे.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधी सांगते. भरवसा ब्रँडच्या नावात शोधू नका. गाडीतली यंत्रणा किती साधी आहे, ती तुमच्या रोजच्या वापराशी जुळते का, आणि बिघडलीच तर घराच्या आसपास ती समजणारा माणूस आणि तिचा पार्ट मिळतो का, या तीन ठिकाणी शोधा.

आधी जुन्या गाडीचा हिशोब

गेल्या दोन वर्षांची सगळी बिलं जमिनीवर पसरा आणि दोन गठ्ठे करा. एक झिजेचा: टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश. दुसरा बिघाडाचा: गिअरबॉक्स, इंजिन, एसी कॉम्प्रेसर, वायरिंग, इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू. झिजेचा खर्च कुठल्याही गाडीला येणारच, नव्या गाडीलाही पाच वर्षांनी येईल. क्लच प्लेट गेली म्हणून गाडी विकायला काढणारे लोक मी पाहिलेत आणि मला ते पटत नाही. बिघाडाचा गठ्ठा मात्र वाढत चालला असेल, आणि एकाच दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास जात असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. आमच्या अकरा वर्षांच्या गाडीला जेमतेम अडीच लाख मिळत होते.

वयाचाही विचार करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे सगळं येतं. गाडी तेरा-चौदा वर्षांची असेल तर मोठा खर्च करण्याआधी हे गणित मांडाच.

दोन आठवडे वही ठेवा

आम्ही गाडीतच एक छोटी वही ठेवली. कोण, कुठे, किती किलोमीटर, किती वेळ, गाडीत किती माणसं. चौदा दिवसांनी जे दिसलं ते आमच्या समजुतीपेक्षा फार वेगळं होतं. आम्हाला वाटायचं आपण लांबचे प्रवास खूप करतो. प्रत्यक्षात दहातले नऊ फेरे सहा ते नऊ किलोमीटरचे निघाले, तेही सिंहगड रोडच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. वाईला गावी जाणं महिन्यातून एकदा, खंबाटकी घाट चढून. वर्षाचे सगळे मिळून आठ-साडेआठ हजार किलोमीटर.

या वहीने आमच्यासाठी डिझेलचा प्रश्न तिथेच मिटवला. तो नीट समजून घ्या, कारण वापरलेल्या बाजारात डिझेल गाड्या आकर्षक भावात दिसतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसला, डीपीएफ. साठलेली काजळी साधारण सहाशे अंश तापमानाला जाळून तो स्वतःला साफ करतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने पळावी लागते. रोज धायरी ते स्वारगेट असा गर्दीतला फेरा असेल तर ही सफाई अर्धवट राहते. सफाईसाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते, ते पातळ होतं. मग दिवा लागतो, आणि फिल्टरच बदलायची वेळ आली तर खर्च मोठा असतो. गाडीत दोष काही नसतो, ती चुकीच्या घरात आलेली असते. हीच गाडी रोज पुणे-नगर किंवा पुणे-सातारा करणाऱ्याकडे वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालेल. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीला नोंदणीचा करही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे.

सीएनजी हवी असेल तर वहीत आणखी दोन गोष्टी टिपा: वाटेवरच्या पंपावर रांग किती असते, आणि व्हीलचेअर किंवा बॅगा ठेवायला डिकी लागते का. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. इलेक्ट्रिक गाडी शहरातल्या छोट्या फेऱ्यांना उत्तम, अनेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. मात्र सोसायटीत स्वतःच्या पार्किंगला चार्जिंग पॉइंट मिळतोय हे लेखी होईपर्यंत बुकिंग करू नका. आमच्या सोसायटीत ते झालं नाही, म्हणून तो पर्याय सुटला.

इंजिन आणि गिअरबॉक्स: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

स्क्रीन केवढी, सनरूफ आहे का, यावर शोरूममध्ये तासभर बोलणं होतं. इंजिनवर दोन मिनिटं. तुम्ही उलट करा.

कमी वापराच्या, शहरी कुटुंबासाठी टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेलं साधं पेट्रोल इंजिन हा अजूनही सगळ्यात निर्धास्त पर्याय आहे, हे माझं ठाम मत झालंय. मारुतीचं के सिरीज, ह्युंदाईचं कप्पा, होंडाचं १.५ लिटर आय-व्हीटेक ही याची रस्त्यावर दिसणारी उदाहरणं. वर्षानुवर्षं बनत आलेली, लाखोंनी विकली गेलेली. टर्बो वाईट असतो असं अजिबात नाही, घाटात भरल्या गाडीला त्याची ताकद जाणवते. पण त्यात टर्बोचार्जर, इंटरकूलर, जास्त दाबाच्या पाइप असे जादा भाग आले, आणि त्याला ऑइल नेमक्या दर्जाचं आणि नेमक्या वेळेला लागतं. डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी पद्धत असेल तर व्हॉल्व्हवर कार्बन जमण्याचा प्रश्न पुढेमागे येतो. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन हेही विचारून घ्या. वापरलेल्या गाडीला बेल्ट असेल आणि तो बदलल्याचं बिल नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं.

गिअरबॉक्सच्या बाबतीत ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या जाती विकल्या जातात. विक्रेत्याला स्पष्ट विचारा, यातली कुठली?

एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायचं काम एक यंत्र करतं. स्वस्त, आणि गल्लीतल्या मिस्त्रीलाही समजणारी. चढावर ब्रेक न धरता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरली तर क्लच तापतो आणि लवकर संपतो, तेवढी सवय मोडायची. टॉर्क कन्व्हर्टर सगळ्यात जुनी पद्धत. ताकद ऑइलमधून जाते, त्यामुळे गर्दी आणि घाट दोन्ही सोसते, ॲव्हरेज जरा कमी. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, ती लोण्यासारखी चालते, पण तिचं ऑइल वेळेवर बदललंच पाहिजे. ड्युअल क्लच पळवायला मजा येते, पण त्यातली कोरड्या क्लचची जात मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या गर्दीत तापते. ज्याचा रोजचा रस्ता हिंजवडीचा आहे त्याने ती घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

आम्ही टॉर्क कन्व्हर्टर ठरवली. आमच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्सही त्याच जातीचा होता आणि तरीही तो गेला. का गेला, ते शेवटी सांगते. मॅन्युअलबद्दल वेगळं काय सांगू? गुडघे साथ देत असतील तर त्याच्याइतकं स्वस्तात निस्तरणारं काही नाही.

एक पथ्य आणखी. नवं मॉडेल बाजारात आल्याच्या पहिल्या वर्षात घेऊ नका. सुरुवातीच्या तक्रारींवर कंपन्या पुढच्या तुकड्यांमध्ये सुधारणा करतात. दीड-दोन वर्षं थांबलात तर सुधारलेली गाडी मिळते.

माहिती कुणाकडून घ्यायची

जर्मनीत टीयूव्ही ही तपासणी संस्था दरवर्षी मॉडेलनिहाय दोषांचा अहवाल छापते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि तिचे निकाल कुणालाही पाहता येतात. आपल्याकडे खासगी गाडी पहिल्या फिटनेस तपासणीला येते तीच १५ वर्षांनी. त्यामुळे कुठलं मॉडेल पाचव्या वर्षी कशाने आजारी पडतं, याचा तसा हिशोब आपल्याला आयता मिळत नाही. तो स्वतः गोळा करावा लागतो. मी तो चार ठिकाणांहून केला.

पहिले कॅबवाले. पुणे स्टेशनला किंवा लोहगाव विमानतळाबाहेर वॅगन आर, डिझायर, एर्टिगा, इनोव्हा उभ्या असतात. दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीच्या चालकाला विचारा, ‘दादा, मोठं काम काय निघालं?’ ते मनापासून सांगतात. एका दादांनी तर मला बॉनेट उघडून कुठली पाइप दोनदा बदलली ते दाखवलं.

दुसरे आपल्याच सोसायटीतले मालक, साठ हजार किलोमीटरच्या पुढचे. सहा महिन्यांच्या मालकाला विचारू नका. त्याने नुकतेच पैसे मोजलेले असतात, त्याला गाडी चांगलीच वाटते.

तिसरे तुमचे मिस्त्री. त्यांना ‘कुठली गाडी चांगली?’ असं विचारू नका. ‘तुमच्याकडे कुठली गाडी कशासाठी परत परत येते?’ असं विचारा.

चौथं ठिकाण नाना पेठ, गाड्यांच्या पार्टच्या दुकानांची. मी वहीत सहा भाग लिहून नेले होते: क्लच सेट, पुढचा लोअर आर्म, व्हील बेअरिंग, रेडिएटर, हेडलाइट, एसी कॉम्प्रेसर. दोन मॉडेल मनात होती. पहिल्याचं नाव घेतलं तसे काउंटरवरचे काका फळीकडे न बघताच बोलत गेले. क्लच सेट? ‘आत्ता देतो.’ लोअर आर्म? ‘देतो, दोन कंपन्यांचे आहेत.’ रेडिएटर? ‘आहे.’ कॉम्प्रेसर? ‘संध्याकाळपर्यंत मागवून देतो.’ दुसऱ्या मॉडेलचं नाव घेतलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘ताई, त्याचं सगळं शोरूमलाच विचारा.’ दुसरी गाडी कागदावर जास्त सरस होती. मी ती त्या काउंटरवरच सोडली.

पार्टची ही काळजी उगाच नाही. शेवरोलेच्या गाड्यांची भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली. तळेगावचा तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या गाड्या आजही पुण्यात धावतात, जपणारे मालक जपतातही. पण ज्या घरात गाडी ठरल्या दिवशी सुरू व्हायलाच हवी, तिथे कंपनीचं सर्व्हिस जाळं भक्कम आहे का हे आधी बघावं.

याशिवाय वाहन उत्पादकांची संघटना सियाम, तिच्या संकेतस्थळावर कंपन्यांनी स्वतःहून दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांची, म्हणजे रिकॉलची, माहिती असते. वापरलेली गाडी घेताना चॅसी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा, रिकॉलचं काम झालंय का?

सुरक्षितता हा वेगळा मुद्दा आहे, भरवशात त्याची गल्लत करू नका. भारत एनकॅप, म्हणजे गाडी आदळवून तिला स्टार देणारी चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिचे स्टार मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे असतात, दोन्ही पाहा. मागच्या मधल्या सीटला तीन टोकांचा पट्टा आहे का, तेही बघून घ्या.

नवी की वापरलेली

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. पेट्रोलला १२०० सीसी आणि डिझेलला १५०० सीसी ही मर्यादा आहे. मोठ्यांवर तो ४० टक्के आहे, पण वरचा सेस गेला. त्यामुळे वापरलेल्या गाडीची किंमत ठरवताना नव्याची आजची ऑन रोड किंमत हातात ठेवा. मालक त्याने मोजलेल्या जुन्या किमतीवरून भाव सांगतो.

माझ्या मते वापरलेल्यात तीन ते पाच वर्षांची गाडी सगळ्यात बरी. पहिली मोठी घसरण होऊन गेलेली असते, दोष असले तर दिसायला लागलेले असतात. १ एप्रिल २०२३ नंतर बनलेली असेल तर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला चालणारे रबरी भाग तिच्यात असतात. त्याआधीची असेल तर मालकाच्या पुस्तिकेत कंपनीने काय म्हटलंय ते वाचा.

वापरलेली गाडी तपासताना

कागद घरी बसूनच तपासा, गाडी बघायला जाण्याआधी. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक, विमा, पीयूसी, नोंदणीची मुदत आणि कर्जाचा बोजा कळतो. बोजा दिसत असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परराज्यातली गाडी असेल तर इथला कर पुन्हा भरावा लागतो. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर वयाची बंधनं आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात येतात, तो स्वस्तपणा करात आणि खेपांमध्ये निघून जातो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबरवरून जुन्या नोंदी मिळू शकतात. मालकाला बरोबर घेऊन जा. मीटर मागे फिरवलेला असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

गाडी सकाळी बघा, आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे, आणि कुणीतरी तसं का केलं हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. थंड इंजिन सुरू होताना होणारी खडखड, निळा धूर, इंजिनाचं अडखळणं (मिसिंग) हे सगळं पहिल्या मिनिटात कळतं, नंतर लपतं. सुरू करण्याआधीच ऑइलचं झाकण उघडून आतून पाहा. लोण्यासारखा पांढुरका फेस चिकटलेला असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे.

टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२१. म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर आणि चारही टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवे, असं मला एका गाडीत दिसलं. पहिले टायर इतक्यात कसे संपले, याचं उत्तर मालकाला देता आलं नाही. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज मग आमच्या मिस्त्रींनी दाखवली. ती गाडी लाखभर तरी चाललेली होती.

आता पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल जरा सविस्तर, कारण पुण्यात ही शंका घ्यायलाच हवी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर भागात गाड्या वाहून गेल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगं भरली. सांगली-कोल्हापूरचा ऑगस्ट २०१९ चा पूर वेगळाच. अशा गाड्या धुऊन, सीट कव्हर बदलून बाजारात येतात. इंजिन चालतं, पण वायरिंगच्या जोडांमध्ये गंज आत आत काम करत राहतो, आणि दोन पावसाळ्यांनी गाडी अधूनमधून, काही कारण न कळता, बंद पडू लागते.

ओळखायचं असं. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग सगळे धुतात. रिळावरचा शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. आम्ही पाहिलेल्या चौथ्या गाडीत त्या शेवटच्या भागात मातीची सरळ तपकिरी रेघ होती, चहाच्या कपात राहते तशी. पुढच्या सीटखालचे लोखंडी रूळ आणि स्प्रिंग बोटाने चाचपा, गंज हाताला लागतो. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खळगा बघा. हेडलाइटच्या आत वाळलेल्या थेंबांचे डाग बघा. काचा बंद करून पाच मिनिटं एसी बंद ठेवा आणि वास घ्या. अत्तराचा वास फार येत असेल तर आणखी सावध व्हा.

अपघाताची खूण बोल्टवर असते. बॉनेट आणि दारांच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर ते कधीतरी उघडलेत. दारांचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके दोन्ही बाजूंना सारखे आहेत का बघा.

चालवायला घ्याल ती किमान चाळीस मिनिटं. आम्ही प्रत्येक गाडी डोणज्याच्या पुढे सिंहगडाच्या घाटापर्यंत नेली. कोथरूडकरांना एआरएआयच्या टेकडीचा चढ आहे, कात्रजकरांना जुना घाट. चढावर थांबून पुन्हा निघा: थरथर, उशिरा पकड, झटका काही जाणवतं का? मॅन्युअल असेल तर कमी वेगात तिसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा पळाला आणि गाडी मागे राहिली तर क्लच संपलाय. स्पीडब्रेकरवर काचा खाली करून रेडिओ बंद ठेवा, सस्पेन्शन टकटक करून स्वतःच सांगतं. परतताना सिग्नलला उभ्या गाडीत एसी तितकाच थंड राहतो का बघा.

सगळं पसंत पडलं की आपल्या मिस्त्रींना दीड-दोन हजार देऊन गाडी लिफ्टवर चढवून घ्या. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा, हजारभर रुपयांत मिळणारा ओबीडी स्कॅनरही लावा. बोर्डावर दिवा नसला तरी आत कोड साठलेले असतात. ‘सगळे कोड आजच पुसले आहेत’ असं दिसलं तर तेही एक उत्तरच आहे. लिफ्टवर चढवायला नकार देणाऱ्या मालकाकडून गाडी घेऊ नका, भाव कितीही चांगला असो.

नवी घेत असाल तर

टेस्ट ड्राइव्हला सगळ्यांना न्या. बाबांना एका गाडीत चढताना पाय दोन हातांनी उचलून आत घ्यावा लागला. दुसरीत ते नुसते बसले. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

पासिंग होण्याआधी गाडी प्रत्यक्ष पाहायचा आग्रह धरा. चॅसी नंबरवरून बनल्याचा महिना, टायरचे आकडे, बॅटरीची तारीख, रंगाचा फरक, मीटरवरचे किलोमीटर. एकदा गाडी तुमच्या नावावर चढली की बदलून मिळणं फार अवघड. वाढीव वॉरंटी कंपनीचीच घ्या, आणि तिच्यात गिअरबॉक्स, स्टिअरिंग मोटर, इन्फोटेनमेंट स्क्रीन येते का ते छापील अटींत शोधा. शोरूममधल्या ॲक्सेसरीजवर पैसे घालण्यापेक्षा ते इथे घाला. बाहेरून वायर कापून बसवलेल्या लाइटमुळे वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

जुनी देताना

नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. एका वर्षाला २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतो. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली दिली म्हणजे झालं असं समजू नका. संगम पुलाजवळच्या आरटीओत काम एजंट करो की ऑनलाइन होवो, ॲपवर मालकाचं नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठपुरावा ठेवा. तोवर त्या गाडीने काही केलं तर नोटीस तुमच्या घरी येते. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.

गाडी घरी आल्यावर

आम्ही शेवटी तीन वर्षांची, साध्या पेट्रोल इंजिनाची, टॉर्क कन्व्हर्टर असलेली, पहिल्या मालकाची गाडी घेतली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमची वही वेगळी असेल.

तक्रार असली तर ती सर्व्हिस सेंटरला तोंडी सांगू नका, जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत ठेवा. एकच दोष तीनदा लिहिलेला कागद हातात असला की बोलणं बदलतं. तरी दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तिथे ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारी घेतात.

आणि आता जुन्या गिअरबॉक्सचं. तो उघडला तेव्हा आमचे मिस्त्री मला बोलावून घेऊन गेले. त्यांनी खालच्या ट्रेमधलं ऑइल बोटावर घेतलं, कोळशासारखं काळं, करपल्याचा वास येणारं. शेजारी नव्या बाटलीतला थेंब ठेवला, डाळिंबाच्या रसासारखा लाल. ‘वहिनी, हे अकरा वर्षांत एकदा तरी बदललंय का?’ मी घरी येऊन सगळी बिलं पुन्हा चाळली. इंजिन ऑइल दरवर्षी होतं. गिअरबॉक्सचं एकदाही नव्हतं. ‘आयुष्यभराचं ऑइल आहे, बदलावं लागत नाही,’ असं आम्हाला वर्कशॉपमध्ये सांगितलेलं आणि आम्ही ते ऐकलेलं.

नव्या गाडीचं गिअरबॉक्स ऑइल घेतल्याच्या आठवड्यातच बदलून घेतलं, पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचं. पुढचं साठ हजार किलोमीटरने किंवा चार वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे, आणि वही ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे.